बिनसहीचा डोंगर

ब्रश धुवायच्या डब्यातलं पाणी सकाळी नितळ असतं. दुपारपर्यंत त्यात आभाळ, झाडं, माती, म्हशी असं सगळं थोडं थोडं उतरतं आणि मग कुठला रंग कुठल्या चित्राचा हे सांगता येत नाही. अण्णांच्या किश्शांचं आमच्याकडे तसंच झालंय. कितीतरी वर्षं दर रविवारी आम्ही त्यांच्यामागं कागद घेऊन हिंडतोय. चित्रं किती जमली ते विचारू नका. किस्से मात्र डबाभर आहेत.

आम्ही म्हणजे कोण ते आधी सांगतो. एक मी, शिरोली एमआयडीसीत छोटी फाउंड्री चालवणारा. आठवडाभर लोखंड वितळवायचं आणि रविवारी रंग कालवायचे. दुसरे डॉक्टर, दातांचे. तिसरा सर्जेराव, त्याच्या गोठ्यातल्या म्हशी त्याच्या चित्रांपेक्षा कितीतरी देखण्या आहेत. आणि आमचे गुरू अण्णा. कोल्हापूरच्या आसपासची नदी, घाट, उसाची रानं, डोंगर जलरंगात रंगवण्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं. आता ऐंशी ओलांडली. मोठ्या शहरांत प्रदर्शनं झाली, बड्या लोकांनी चित्रं नेली, पण अण्णांची स्कूटर काही बदलली नाही.

मला आजही त्यांच्या चित्रासमोर उभं राहिलं की बोलायला सुचत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी त्यांची थोडी चेष्टाही करणार आहे.

*

पहिल्याच रविवारी मी रंकाळ्यावर हजर झालो तो नवीकोरी पेटी, नवे ब्रश आणि खास मागवलेला जाडजूड परदेशी कागद घेऊन. अण्णा एका दगडावर बसून नुसते पाण्याकडं बघत होते. त्यांचा चहा आला, गार झाला, त्यावर साय धरली. तेवढ्या वेळात मी आभाळ, पाणी, झाडं, पलीकडची देवळं, सगळं उरकून मोकळा झालो. कपाळावरचा घाम पुसत त्यांच्यापुढं चित्र धरलं.

अण्णांनी ते हातात घेतलं. कड अंगठ्यानं चोळून बघितली, उजेडाकडं धरून बघितलं. मग म्हणाले, "बापू, कागद लई चांगला हुता की रं."

डॉक्टर आणि सर्जेराव दोघंही पाठ फिरवून हसले. त्यांचाही पहिला रविवार असाच गेला होता, हे मला नंतर कळलं.

मग अण्णांनी स्वतःचा कागद ओला केला, मोठा ब्रश निळ्यात बुडवला आणि वरून खाली सावकाश ओढत आणला. रंग आपला आपण उतरत गेला, मध्येच फिका झाला, आणि जिथं थांबला तिथं तळ्याचा काठ होता. शपथेवर सांगतो, काठ त्यांनी काढला नव्हता. मी विचारलं, "अण्णा, हे कसं केलंत?"

"मी कुठं केलं? पाणी चाललंतं, मी मधी आलो न्हाय एवढंच."

त्या दिवशी मी घरी जाऊन जेवलो नाही. बायकोला वाटलं, पोट बिघडलं.

*

एकदा डॉक्टर पांढऱ्या रंगाची भली मोठी ट्यूब घेऊन आले. समोर नदीकाठी धुणं वाळत घातलेलं, आणि डॉक्टरांनी आधी सगळा काठ हिरवागार करून ठेवलेला. आता त्यावर पांढरी धोतरं काढायची होती. अण्णांनी ती ट्यूब बघितली आणि स्वतःच्या खिशात घातली.

"अण्णा, मग पांढरं आणू कुठनं?"

"कागद काय रंगाचा हाय?"

"पांढरा."

"मग हाय की तिथंच. तेवढी जागा सोडायची."

डॉक्टरांचा चेहरा पडला. मग अण्णांनीच समजूत घातली, "तुमच्या धंद्यात पांढरं भरायचं असतंय डॉक्टर. आमच्यात ते राखायचं असतंय."

ट्यूब काही परत मिळाली नाही. अण्णांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, यांनी ती फ्रीजवरचा ओरखडा बुजवायला वापरली. फडकं मारलं की निघून जातंय, अशी त्यांची डॉक्टरांकडं अजून तक्रार आहे.

*

पांढऱ्याचाच दुसरा किस्सा माझ्या फाउंड्रीतला. अण्णांना एकदा लोखंड ओतताना बघायचं होतं. आले, भट्टीच्या समोर हाताची घडी घालून उभे राहिले आणि हललेच नाहीत. कामगारांना वाटलं, कुणीतरी इन्स्पेक्टर आलाय. माझ्या फाउंड्रीत एकाच वेळी सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

पंधरवड्यानं अण्णा चित्र घेऊन आले. काळवंडलेली शेड, धूर, माणसांच्या नुसत्या सावल्या, आणि मधोमध ओतलं जाणारं लोखंड. मी ते ऑफिसात लावलं. आमचा भट्टीवरचा माणूस सहीसाठी आत आला, त्याची नजर चित्रावर गेली आणि रोज भट्टीसमोर करतो तसा त्यानं चेहऱ्यापुढं हात धरला. मला हसू आलं. त्याला जवळ बोलावून दाखवलं, की बाबा, लोखंडाच्या जागी काहीसुद्धा नाही. रंगाचा एक थेंब नाही. नुसता कोरा कागद आहे.

त्यानं वाकून नीट बघितलं. म्हणाला, "मग सायेब, धग कशाची लागती?"

 

*

सर्जेराव रविवारी दोन कामं एकदम उरकतो. घाटावर येताना म्हशी घेऊनच येतो. म्हशी पाण्यात, हा काठावर रंग कालवत.

एका सकाळी अण्णा घाटाच्या पायरीवर बसून चित्र काढत होते. आभाळाचा रंग अजून ओला होता. सर्जेरावची एक म्हैस पाण्यातून बाहेर आली, अण्णांच्या शेजारून डौलात निघाली आणि जाता जाता शेपटीचा फटकारा मारला. ओलीचिंब शेपटी सगळ्या आभाळावरून तिरकी गेली.

सर्जेराव पांढराफटक पडला. त्यानं म्हशीच्या सात पिढ्या उद्धरायला सुरुवात केली, तसा अण्णांनी हात वर केला. "शिव्या दिऊ नगं तिला. हिकडं ये. सर आली बघ."

आम्ही वाकून बघितलं. खरंच आभाळातून एक तिरकी सर उतरत होती, आणि त्याआधी जे बरं दिसत होतं ते आता खरं दिसत होतं. अण्णांनी सामान आवरलं. त्यावर पुन्हा ब्रश लावला नाही.

पुढच्या रविवारी ते चित्र सही करून आणलं. डॉक्टरांनी चिमटा काढला, "अण्णा, काम म्हशीचं आणि सही तुमची?"

"कुणाचा हात लागला ते मी बघत न्हाय. चित्र झालं का न्हाय ते बघतो."

तेव्हापासून सर्जेराव त्या म्हशीला 'आर्टिस्ट' म्हणून हाक मारतो. आणि ती वळून बघते.

*

आता सहीचं सांगायला पाहिजे, कारण इथून पुढचं सगळं सहीवर अडलेलं आहे.

चित्र संपलं की अण्णा लगेच सही करत नाहीत. घरी नेतात, भिंतीला टेकवून ठेवतात. जेवताना बघतात, दात घासताना बघतात. कधीतरी त्यांना वाटतं, झालं. मग पेन्सिलनं उजव्या कोपऱ्यात सही आणि खाली तारीख. आणि नाहीच वाटलं, तर चित्राचं तोंड भिंतीकडं. त्यांच्या घरी गेलं की अशी चित्रं वर्गात शिक्षा झालेल्या पोरांसारखी ओळीनं पाठ करून उभी असायची.

एका बिल्डरनं त्यातलंच एक सुलटं करून बघितलं आणि हटून बसला, हेच पाहिजे.

"त्यावर सही न्हाय," अण्णा म्हणाले.

"मग करा की. पेन देऊ?"

"अजून व्हायचंय ते. तुम्ही तरी कम्प्लिशन सर्टिफिकेट आल्याबिगर फ्लॅटचा ताबा देता व्हय?"

बिल्डर विचारात पडला. मग अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "देतो की अण्णा."

अण्णा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. पण चित्र दिलं नाही.

*

काकूंचं माहेर चंदगडकडचं, डोंगरातलं. एका हिवाळ्यात अण्णा सासुरवाडीला गेले होते. तिथं परड्यात बसून त्यांनी घरामागचा डोंगर रंगवला. चांगला मोठा कागद घेतला. खाली कापणी झालेली भातखाचरं, मध्ये काजूची झाडं, वर डोंगर. चार सकाळी त्यावर खपले आणि मग काकूंना हाक मारली.

काकूंनी पदराला हात पुसले, बघितलं आणि म्हणाल्या, "डोंगूर आमचाच हाय. खरं ही सकाळ न्हाय. ही जेवणवेळ झाली. धुकं कुठाय?"

अण्णांच्या चित्रांवर जाणकारांनी मोठमोठे लेख लिहिलेत. त्यातलं एक वाक्य अण्णांना सांगता येणार नाही. काकूंचं हे वाक्य मात्र त्यांना पाठ आहे. "रंग जड झाला," ते म्हणायचे. "ती म्हणती ते खरं हाय. धुकं आलंच न्हाय, आणि आता वरनं पाणी मारून येत बी न्हाय." डोंगर कोल्हापूरला आला आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

पुढं शहरातल्या सरकारी कलादालनानं अण्णांचं एक चित्र घ्यायचं ठरवलं. तिथले साहेब घरी येऊन पंचगंगेच्या घाटाचं चित्र पसंत करून गेले. ते सही झालेलं होतं. त्यांचा माणूस टेम्पो घेऊन न्यायला आला तो नेमका रविवारी. अण्णा आमच्याबरोबर बाहेर, घरात एकट्या काकू. काकूंनी त्याला डोंगर बांधून दिला.

संध्याकाळी अण्णांनी विचारलं, तेव्हा काकू भाकरी थापता थापता म्हणाल्या, "घाट काय, सगळं गाव रोज बघतंय. आमचा डोंगूर कोण बघणार? भित्तीकडं तोंड करून किती दीस उभा ऱ्हायचा त्यो?"

दुसऱ्या दिवशी अण्णा तिरीमिरीत कलादालनात गेले. तोवर डोंगराला फ्रेम झाली होती आणि पश्चिमेच्या खिडकीसमोर तो भिंतीवर लागलाही होता. साहेबांनी हात जोडले. बदलून द्यायचं म्हणजे कागद पार मुंबईपर्यंत फिरवावे लागतील. "अण्णा, आता हे शासनाचं झालं. तुम्ही फक्त सही करा."

"शासनाचं हाय न्हवं? मग सही बी शासनालाच करू द्या."

आणि तिथून जे निघाले ते पुन्हा कलादालनाचा जिना चढले नाहीत. काकूंनाही नेलं नाही. घाटाचं चित्र रागानं दुसऱ्या कुणालाच दिलं नाही. आम्ही अधूनमधून जाऊन डोंगर बघून यायचो. मला तो नेहमीच अफाट वाटायचा, पण हे अण्णांना सांगायची कुणाची टाप होती?

*

हा किस्सा हसण्याचा नाही, पण गाळता येत नाही.

अण्णांचं घर नदीकडच्या गल्लीत. महापूर आला तेव्हा दोघांना वेळेवर बाहेर काढलं, पण चित्रं काढायला सवड मिळाली नाही. पाणी उतरल्यावर आम्ही तिघं खोरी, झाडू घेऊन गेलो. चित्रांचे गठ्ठे उचलले तर हातात लगदा आला. जलरंगच ते. एका आयुष्यात जेवढं कागदावर बसवलं होतं तेवढं सगळं पाण्यानं सोडवून नेलं होतं. घाट गेला. सुलटी गेली, पाठमोरी गेली. सर्जेराव बाहेर जाऊन रडला. मी आतच रडलो.

अण्णा भिंतीजवळ उभे होते. पाणी जिथपर्यंत चढलं होतं त्या रेषेवर, चिखलाच्या डागावर, एक फिकट निळी झाक उतरली होती. त्यांनी त्यावर बोट फिरवलं, बोट उजेडात धरलं आणि म्हणाले, "अल्ट्रामरीन हाय. लई टिकाऊ रंग."

मग ते खाली बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. काकूंनी शेजारच्या माडीवरून चहा करून आणला आणि त्यांच्या हातात दिला. तो गार होऊ न देता ते प्याले, हे मी पहिल्यांदाच बघितलं.

परत येताना डॉक्टर म्हणाले ते माझ्या डोक्यातून जात नाही. विकलेली चित्रं लोकांच्या हॉलमध्ये, बेडरूममध्ये. तुम्हाआम्हाला नुसतं जिना चढून जाऊन बघता येईल असं अण्णांचं आता एकच चित्र राहिलं. आणि त्यावर सही नाही.

*

गेल्या वर्षी कलादालनात नव्या क्युरेटर मॅडम आल्या. वयानं लहान, पण भलत्याच कडक. मी भेटायला गेलो तर 'नमस्कार' म्हणायच्या आधी त्यांनी माझ्या खिशातलं पेन काढून टेबलावर ठेवलं. "कलाकृतीजवळ पेन चालत नाही. फक्त पेन्सिल." स्वतः अंबाड्यात पेन्सिल खोचून हिंडायच्या.

मी गेलो होतो भांडायला. डोंगराखाली नवी पाटी लागली होती. 'निसर्गचित्र, जलरंग. चित्रकार : अज्ञात.'

"अज्ञात?" मी म्हणालो. "अहो, चित्रकार इथून दोन गल्ल्या सोडून राहतोय."

"असतील. पण माझ्याकडं नोंद आहे ती त्यांच्या घाटाच्या चित्राची. हे आहे डोंगराचं, त्यावर सही नाही. आणि घाटाचं चित्र इथं कुठंच सापडत नाही. ते गेलं कुठं, हे मी तुम्हाला विचारायला पाहिजे."

"घाट पंचगंगेत गेला, मॅडम."

त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. मग मी बसून सगळं सांगितलं, टेम्पोपासून महापुरापर्यंत. त्या ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "माझा विश्वास बसतोय. पण माझ्यानंतर कुणाचा बसणार? त्यांना एकदा येऊ द्या, चित्र माझं आहे म्हणू द्या, सही करू द्या. आणि लवकर. जलरंग उन्हात उडतात. हे इतकी वर्षं खिडकीसमोर आहे. मी ते आता उतरवून अंधाऱ्या कपाटात ठेवणार आहे. नाहीतर काही वर्षांनी नुसता कागद राहील."

आम्ही तिघंही अण्णांच्या घरी गेलो. पाटीचं सांगितलं, उन्हाचं सांगितलं. हातापाया पडायचंच तेवढं ठेवलं. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अज्ञातच बरं हाय. अपुऱ्या कामावर मी सही करत न्हाय. त्या म्हशीनं केलेल्यावर केली, कारण ते झालतं. हे झालेलं न्हाय."

"अण्णा, तुमच्या मागं हे चित्र कुणाचं म्हणायचं?" सर्जेरावानं विचारलंच.

"डोंगराचं म्हणा."

डॉक्टरांनी सुचवलं, आपणच करून टाकू सही, मी प्रिस्क्रिप्शनवर करतो तशी, कुणाला वाचता येणार नाही. अण्णांनी त्यांच्याकडं असं बघितलं की डॉक्टर उठून चपला शोधायला लागले.

तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला. "मला न्या. कपाटात घालायच्या आत मला माझा डोंगूर बघायचाय."

*

काकूंचे गुडघे गेलेत. कलादालनाचा जिना उंच. आम्ही तिघांनी त्यांना खुर्चीत बसवून उचललं. अर्ध्या जिन्यात डॉक्टरांचा दम गेला, सर्जेरावचा पाय लचकता लचकता राहिला आणि काकू वरून म्हणाल्या, "लग्नात मामानं उचललंतं, त्याच्यानंतर आजच."

अण्णा खालीच थांबले होते. "तुम्ही जावा. मी हितंच बसतो," असं म्हणून पायरीवर बसले होते. काकूंनी खुर्चीतून मान वळवली. "आणि वर माझा हात कोण धरणार? हे डॉक्टर?"

अण्णा उठले. एकेक पायरी चढत आमच्यामागून आले.

मॅडमनी चित्र भिंतीवरून उतरवून मोठ्या टेबलावर आडवं ठेवलं होतं. त्यांनी पांढरे हातमोजे घातले, फ्रेम सुटी केली, काच बाजूला केली. चित्राच्या चारी बाजूंनी पुठ्ठ्याची रुंद पट्टी असते, माउंट म्हणतात त्याला, ती त्यांनी दोन्ही हातांनी उचलली. आणि तशाच थांबल्या.

माउंटखाली झाकलेल्या कडा जशाच्या तशा होत्या. गर्द हिरव्या, गर्द निळ्या, जणू आज सकाळी रंगवलेल्या. आणि त्यांच्या आत, जिथं वर्षानुवर्षं मावळतीचं ऊन पडत होतं, तिथं सगळं फिकं झालं होतं. खाचरं विरळ झाली होती. काजूची झाडं नुसती आहेत असं वाटण्यापुरती उरली होती. डोंगराचा माथा दिसत होता, पण कमरेखाली तो कुठं संपतो ते कळत नव्हतं. किती उडालंय हे आम्हाला इतकी वर्षं बघूनही कळलं नव्हतं, ते त्या कडेमुळं एका क्षणात कळलं. 

मॅडमनी ती पट्टी बाजूला ठेवली. "अण्णा, आमच्याकडून फार नुकसान झालं. मला माफ करा."

 अण्णांनी आधी कडेला बघितलं, मग आत बघितलं, मग पुन्हा कडेला. मी त्यांना तळ्याकडं, नदीकडं, भट्टीकडं बघताना बघितलंय. इतकं निवांत बघताना कधी बघितलं नव्हतं.

काकूंनी खुर्ची पुढं घ्यायला लावली. चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. टेबलाला हात टेकून वाकल्या.

"ह्येच की," त्या म्हणाल्या. "आता झाली सकाळ."

 खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं.

अण्णांनी मॅडमकडं हात पुढं केला. "बाई, ती पेन्सिल द्या बघू."

मॅडमनी अंबाड्यातली पेन्सिल काढून दिली. अण्णांनी उजव्या कोपऱ्यात सही केली आणि खाली तारीख घातली, त्या दिवशीची.